पाच नंबरचं तेल आणि पुढचा दात

होशिमजानची वोल्गा गाडी त्याच्या एकट्याच्या मालकीची आहे, असं फक्त सरकारदरबारी मानलं जायचं. मार्गिलान गावात दुसरं कोणी तसं मानत नव्हतं. त्याची बायको मुअज्जम म्हणायची, ही अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली आणून बसवलेली माझी सवत आहे आणि हिचे लाड माझ्याहून जास्त होतात. बैठकीतल्या मित्रांच्या हिशेबी ती बैठकीची गाडी होती. सगळ्यांच्या घरच्या पोरी तिच्यातूनच सासरी गेल्या होत्या, आणि एक-दोघी तिच्यातूनच रुसून परतही आल्या होत्या.

माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला त्या सालची ती गाडी. रंग आकाशी, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, बॉनेटवर उडी मारणारं चकचकीत हरीण. हरणाचं शिंग कुठल्याशा वऱ्हाडात मोडलं होतं. कोणी मोडलं हे सगळ्यांना माहीत होतं, पण तो मयत झाल्यामुळे कोणी बोलत नसे.

होशिम पेशाने दात बनवणारा. दवाखान्यात डॉक्टर दात उपटायचे आणि मागच्या खोलीत होशिम नवे घडवायचा. एक काळ असा होता की तोंडात सोनं नसलेल्या माणसाला सोयरीक मिळायची मारामार. त्या काळात अर्ध्या मार्गिलानच्या तोंडात होशिमच्या हातचं काम गेलं. आता पोरं पांढरे दात लावून घेतात, पण लग्नकार्यात म्हातारी मंडळी हसायला लागली की होशिम कोपऱ्यात बसून आपलं काम बघत असे आणि सुखावत असे. एकच दात त्याला बघवत नसे. तो नेमका तोखतासिनच्या तोंडात, तोही अगदी पुढे.

तोखतासिन हा बैठकीचा म्होरक्या. बैठक म्हणजे एका वयाच्या मित्रांची. दर गुरुवारी पाळीपाळीने एकेकाच्या घरी जमायचं, पुलाव हाणायचा, गावाची उणीदुणी काढायची. तरुणपणी एकदा म्होरक्या निवडला की तो मरेपर्यंत म्होरक्या. त्याचा शब्द मोडला तर दंड एक मेंढा, आणि तो मेंढा बैठकच खाणार, त्यामुळे दंड माफ झाल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. तोखतासिनने उभी हयात कापूस तोलला होता. त्याच्या उजव्या अंगठ्याचं वजन किती, हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक होतं, कारण ते प्रत्येकाच्या कापसातून वजा झालेलं होतं.

तर हा तोखतासिन, आई गेली त्या हिवाळ्यात, एक पिवळंधमक कडं घेऊन होशिमकडे आला होता. डोळे लाल. म्हणाला, "आईचं आहे रे. आता कुणाच्या हातात घालू? याचा दात करून दे मला. बोलीन तेव्हा आई तोंडात असेल." होशिमही हळवा माणूस. दोघे गळ्यात गळा घालून रडले. तोखतासिन गेल्यावर होशिमने रिवाजाप्रमाणे कड्यावर तेजाबाचा थेंब टाकला, तर हिरवा फेस आला. सोन्याला फेस येत नाही. कडं शुद्ध पितळेचं होतं.

आता हे त्या पोरक्या झालेल्या माणसाला सांगायचं कसं? बिचाऱ्या म्हातारीला कोणी सोनाराने फसवलं असेल, नाहीतर दुष्काळात खरं विकून लोकलाजेसाठी तिने खोटं घातलं असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. होशिमने त्या पितळेचाच दात केला आणि तो असा घासला, असा घासला की सोन्याने लाजावं. ही गोष्ट त्याने फक्त मुअज्जमला सांगितली. ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसाल हो. पितळ बसणार आहे का?"

पितळ तब्बल चाळीस वर्षं गप्प बसलं. तोखतासिन जाईल तिथे दात दाखवून "आईचं सोनं" म्हणत राहिला, आणि होशिम प्रत्येक वेळी जमिनीकडे बघत राहिला.

यंदाच्या वसंतात वोल्गाचा दुसरा गिअर रडायला लागला. होशिमने गिअरबॉक्स उतरवून उघडला, तर आतल्या पितळी रिंगा झिजून कागद झालेल्या. गिअर बदलताना दोन फिरत्या चाकांचा वेग जुळवून देतात त्या या रिंगा. त्या नसल्या की गिअर पडतो तो करकर दात खातच. होशिमने ओळखीपाळखी काढून, जिथे ही गाडी जन्मली त्या रशियातल्या नीझ्नी शहरातल्या एका म्हाताऱ्याकडून नवा जोड मिळवला. म्हाताऱ्याने निरोप धाडला होता, "शेवटचा जोड आहे. जपून वापर. यापुढे रिंगाही नाहीत आणि मीही नसेन." होशिमने त्या रिंगा दात घासायच्या हत्यारांनीच घासूनपुसून बसवल्या. राहिलं होतं फक्त तेल भरायचं. आणि रविवारी तोखतासिनच्या लाडक्या नातीची, सुरय्याची, पाठवणी होती. तिच्या सासरगावापर्यंत, चिम्योनपर्यंत, सगळा चढ.

त्या गुरुवारी बैठक होशिमच्याच अंगणात होती. मेलीबोय चुलीपाशी होता. मेलीबोय पुलाव शिजवायचा आणि पुलावाखेरीज कुठल्याही विषयावर त्याचं मत नसायचं. मामासोली, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला आणि म्हणून यंत्रांतलं आपल्यालाच कळतं असं मानणारा, गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता. तोखतासिन आला तो एका हातात भलामोठा कॅन आणि दुसऱ्या हातात रुमाल घेऊन.

"हे जावयाच्या दुकानातलं तेल. पाच नंबर. सगळ्यांत भारी," तो म्हणाला. "गिअरबॉक्समध्येही हेच आणि मागच्या डिफरन्शियलमध्येही हेच. लग्नाचा आहेर समज. आणि हा दात. खडीसाखर चावायला गेलो आणि निघून आला. रविवारच्या आत बसवून दे, नाहीतर व्याह्यांपुढे तोंड कसं उघडू?"

रुमालात तो दात होता. होशिमने तो चहाच्या वाटीशेजारी ठेवला आणि तेलाकडे वळला. त्याचा जीव कॅनमध्ये अडकला होता.

"आका, मागे पाच नंबर चालेल. चालेल काय, तेच हवं," तो म्हणाला. म्होरक्याला सगळे आका, म्हणजे दादा, म्हणत. "पण गिअरबॉक्सला नको. तिथे चार नंबर. मी आणून ठेवलंय."

"पाच मोठा की चार?" मामासोलीने विचारलं.

"मोठा-लहान नाही रे बाबा. दोन वेगळी तेलं आहेत ती."

"पाच मोठा की चार, तेवढं सांग."

"मामासोली, तुझी चप्पल नऊ नंबरची आहे म्हणून मी सातची चप्पल फेकून नऊची घालू का?"

यावर मेलीबोयसुद्धा चुलीपाशी हसला. होशिमला बरं वाटलं आणि तो रंगात आला. "बघा, मागच्या डिफरन्शियलमधले दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासत, सरकत फिरतात. दाब असा की साधं तेल मधून पळून जातं आणि लोखंडावर लोखंड येतं. म्हणून पाचात गंधकाचा मसाला जास्त. तो लोखंडाला धरून बसतो. तिथे तो राजा. पण गिअरबॉक्समध्ये माझ्या रिंगा पितळेच्या. गंधक तापला की पितळ काळं करतो, मग खातो. आणि वरून ते तेल इतकं निसरडं की रिंगांची पकडच सुटते. गिअर पडायचा नाही."

"मी बावीस वर्षं बस चालवली," मामासोली म्हणाला. "डेपोत एकच पिंप होतं. गिअरबॉक्समध्ये तेच, मागे तेच, आणि हिवाळ्यात बुटांनासुद्धा तेच."

"म्हणूनच तुझी बस थांब्यावर कमी आणि गॅरेजमध्ये जास्त दिसायची."

"पुरे," तोखतासिनने हात वर केला. तराजूसमोर बसून कमावलेला तो हात होता, वर गेला की माणसं आपोआप गप्प व्हायची. "जावयाने प्रेमाने दिलंय. त्यात वेगवेगळं काही करायचं नाही. गाडी होशिमची, शब्द बैठकीचा. दोन्हीकडे पाच."

म्होरक्याचा शब्द पडला होता. मेंढ्याचं त्याला फार वाटलं नसतं. पण बैठकीतून उठून घरी गेलेला माणूस मार्गिलानमध्ये मेल्यासारखाच असतो. दुसरीकडे त्या रिंगा, शेवटचा जोड. त्याने अखेरची विनंती केली.

"आका, माझ्यावर विश्वास नको ठेवूस. पितळावर ठेव. पितळेचं काहीतरी या तेलात टाकू, निखाऱ्यावर तापवू. पुलाव दमावर आहे तोवर होऊन जाईल. काळं पडलं तर चार. नाही पडलं तर दोन्हीकडे पाच, वर मेंढा माझा."

ही गोष्ट सगळ्यांना आवडली, कारण मेंढा होता. पितळ कुठून आणायचं यावर खल झाला. मामासोली चहाचं पाणी उकळायच्या समोवाराच्या तोटीकडे बघू लागला, तर दारातून मुअज्जमचा आवाज आला, "माझ्या समोवाराला हात लावणाऱ्याचा हात मी त्याच तेलात तळीन." शेवटी गाडीखालच्या डब्यात जुन्या प्लगची एक पितळी पिन सापडली. होशिमने कढल्यात तेल ओतलं, पिन सोडली आणि कढलं निखाऱ्यावर ठेवलं. गंधकाचा वास सुटला. मेलीबोयने पुलावाच्या झाकणावर आणखी एक फडकं टाकलं आणि त्यांच्याकडे असं बघितलं जणू मशिदीत कोणी बकरा सोडला.

"थांबा," मामासोली म्हणाला. "हा लबाडी करेल. तापल्यावर काय, काहीही काळं पडतं. माझी बायको पडली. पितळ काळं पडलं म्हणजे तेलाचाच दोष कशावरून?"

"मग?"

"दुसरी पिवळी वस्तू शेजारी टाकू, जिला काही होत नाही अशी. ती पिवळी राहिली आणि पिन काळी पडली, तर तू खरा." त्याने चहाच्या वाटीकडे बोट केलं. "सोन्याला काय होतंय? तोखतासिनचा दात टाक."

होशिमची दातखीळ बसली. जन्मात पहिल्यांदा मामासोली शहाण्यासारखं बोलला होता आणि तेही नको त्या वेळी. दात तेलात गेला तर पिनेबरोबर तोही काळा होणार. तेलाच्या वादात होशिम जिंकणार. आणि लगेच कोणीतरी विचारणार की आईचं सोनं काळं कसं पडलं. मग दोनच वाटा. एक तर ‘तुझ्या आईचं कडं पितळेचं होतं’ असं नातीच्या लग्नाच्या तोंडावर चार माणसांत सांगायचं. नाहीतर आपण चोर ठरायचं. रिंगा गेल्या खड्ड्यात, असं त्याने मनाशी म्हटलं, आणि ते म्हणताना त्याला खरंच रडू आलं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "आका म्हणतो तेच खरं. टाका दोन्हीकडे पाच."

आणि त्याच क्षणी तोखतासिन म्हणाला, "जाऊ दे. होशिम म्हणतो तेच खरं. गिअरबॉक्सला चार टाका."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"नाही नाही आका, तुझा शब्द मोठा. पाच."

"अरे, गाडी तुझी, तुला कळतं. चार."

"जावयाने प्रेमाने दिलंय."

"जावयाला काय कळतंय. गाढव आहे तो."

दोन म्हातारे, जे साधा टरबूज कापायचा कसा यावर दोन-दोन दिवस अबोला धरत, ते एकाएकी एकमेकांच्या पाया पडायचे तेवढे बाकी राहिले. होशिमला वाटलं, बिचारा आईच्या आठवणीला चटका बसू नये म्हणून दात वाचवतोय. मामासोलीला मात्र यात काहीतरी शिजतंय असा वास आला. बस चालवणाऱ्याला उतारूंची नजर कळते. कोणाचं तिकीट नाही ते तो बरोबर ओळखतो.

"सोन्याला काही होत नाही ना?" तो म्हणाला, आणि दोघांचे हात पोचायच्या आत त्याने दात उचलून कढल्यात टाकला. चर्र असा बारीक आवाज झाला.

पुलाव वाढला गेला. मेलीबोयचा पुलाव मार्गिलानमध्ये नावाजलेला. पण होशिमला त्या दिवशी मांस लागलं की गाजर ते कळलं नाही. तोखतासिननेही दोनच घास खाल्ले आणि त्याचं कारण दात नाही असं सांगितलं. ताट पुसून झाल्यावर मामासोलीने चमचा मागवला आणि कढल्यातून दोन्ही वस्तू काढून भाकरीच्या तुकड्यावर ठेवल्या. दोन्ही कुळकुळीत काळ्या.

"यातली पिन कुठली आणि दात कुठला?" मामासोलीने विचारलं. मग त्याला स्वतःलाच प्रश्न कळला आणि त्याचा चेहरा उतरला. वात्रट असला तरी तो दुष्ट नव्हता.

चिमण्या मांडवात भांडत होत्या. सगळ्यांच्या नजरा आधी दातावर गेल्या, मग तोखतासिनवर, मग हळूहळू होशिमवर येऊन थांबल्या. दात कोणी घडवला होता हे तर सगळ्यांना माहीत होतं.

तोखतासिनचं तोंड उघडं होतं आणि मधल्या खिंडीतून वारा जात होता. ते बघून होशिमला त्याची आई आठवली, दारात बसून पोरांना जर्दाळू वाटणारी. त्या म्हातारीला तो खोटी म्हणू शकला नसता.

"मी खाल्लं," होशिम म्हणाला. "सोनं मी खाल्लं. पितळ घातलं."

आत कुठेतरी मुअज्जमच्या हातून वाटी फुटली.

तोखतासिनने त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असावा असं होशिमला वाटलं, पण नीट कळेना. मग म्होरक्या खाकरला. "बैठकीत चोरीला दंड एक मेंढा," तो म्हणाला. "पुढच्या गुरुवारी." मग तेलाचा निकाल दिला, "गिअरबॉक्सला चार, मागे पाच. पितळाने साक्ष दिली आहे." आणि उठून गेला.

रात्री मुअज्जमने नवऱ्याला काही म्हणजे काही ऐकवायचं बाकी ठेवलं नाही. "चाळीस वर्षं खोटं बोलता आलं नाही तुम्हाला, आणि आज आलं ते हे? दुसऱ्याच्या आईची अब्रू झाकायला माझ्या नवऱ्याची उघडी टाकलीत?" होशिम तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहिला. कारण ती बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी तोखतासिन दात बसवून घ्यायला आला. होशिम तो घासून पुन्हा पिवळा करायला निघाला, तर त्याने मनगट धरलं. "आहे तसा बसव. काळाच." होशिमने बसवला. ही शिक्षा आहे असं तो समजला, आणि शिक्षा त्याला रास्त वाटली. आता हा माणूस मरेपर्यंत काळा दात घेऊन हिंडणार आणि जो विचारील त्याला माझं नाव सांगणार.

नाव सांगायची गरजही नव्हती. मामासोलीने शपथ घेऊन कोणाला सांगितलं नाही, फक्त बायकोला सांगितलं, आणि तिने शपथ घेऊन बाजारात. शनिवारपर्यंत मार्गिलानमध्ये कोणी हसेना. होशिमच्या हातचं सोनं ज्यांच्या तोंडात होतं त्या सगळ्यांनी ओठ मिटले. होशिम भाकरी घ्यायला गेला तर भट्टीवरच्या म्हातारीने तोंडावर ओढणी धरली. जुन्या गिऱ्हाइकांतली एक बाई तर सरळ दारात येऊन म्हणाली, "होशिमजान, खरं सांग, माझे तरी कुठले?" त्याने शपथेवर सांगितलं, सोन्याचे. ती म्हणाली, "तोखतासिनलाही असंच सांगितलं असशील." यानंतर तो घराबाहेर पडला नाही. गाडीखाली शिरला. गिअरबॉक्समध्ये चार नंबर भरलं, डिफरन्शियलमध्ये पाच, दोन्हीची बुचं घट्ट केली. निदान बुचं तरी म्हणाल तशी घट्ट होतात, तेवढा दिलासा त्याला पुरला नाही, पण दुसरा नव्हता.

रविवारी वोल्गा फितींनी सजली. मागे सुरय्या जरीच्या पडद्याआड, शेजारी तिची मावशी. खरं तर पाठवणीला आजोबाने जायची रीत नाही, पण वोल्गाची पुढची जागा म्होरक्याची, ही रीत त्याहून जुनी. होशिमने क्लच दाबला, दांडा ओढला. पहिला, दुसरा, तिसरा. लोण्यातून सुरी गेल्यासारखा गिअर पडत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा होशिमला बरं वाटलं. शेजारी तोखतासिन ओठ मिटून बसला होता.

चिम्योनच्या चढावर पोरांनी रस्त्यात दोर धरला. वधूची गाडी अडवायची आणि काहीतरी मिळाल्याशिवाय सोडायची नाही, हा त्यांचा हक्कच. तोखतासिनने खिडकीतून रुमाल आणि खडीसाखर वाटली. पोरांनी दोर सोडला. होशिमने पहिला टाकून गाडी चढावर काढली, आणि तोखतासिन समोर बघत म्हणाला, "ते कडं आईचं नव्हतं."

होशिमला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"आईचं बहिणीने नेलं. ते मी कुमतेपाच्या बाजारात घेतलं होतं, पितळेचं. मला पाहिजे होता लोकांना सोन्याचा वाटेल असा दात. कापूस तोलणारा माणूस आणि तोंडात सोनं नाही, कोण घाबरणार? म्हटलं, होशिमला रडवू. रडला की त्याला धातू दिसत नाही. आणि तू दातसुद्धा करून दिलास. मी चाळीस वर्षं समजत होतो, याला बिचाऱ्याला सोनं ओळखता येत नाही. कोणाला कळलं तर याचा धंदा बसेल. म्हणून मी तोंड मिटून होतो. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?" होशिम म्हणाला.

"तुझ्यासाठीच. आणि गुरुवारी तू म्हणालास, मी खाल्लं. तेव्हा मला कळलं की तुला कळलं होतं. मग माझी जीभच उचलेना."

"आणि मेंढा? मेंढा का लावलास मग?"

"चोरी कबूल केलीस तू. नियम म्हणजे नियम."

होशिमच्या डोक्यात चाळीस वर्षं एकदम चढली. तो जमिनीकडे बघत राहिला होता ती सगळी वर्षं. क्लच अर्धा दाबला असतानाच त्याने दांडा ओढला, आणि नीझ्नीच्या म्हाताऱ्याच्या त्या शेवटच्या रिंगांनी खर्रर्र अशी किंकाळी फोडली की मावशीने मागे कलमा म्हटला.

"हे चार नंबरचं की पाच?" तोखतासिनने विचारलं.

जरीच्या पडद्याआड काहीतरी गदगदत होतं. नवरी रडतेय असं वाटून मावशी पाठ थोपटू लागली. पण सुरय्या हसत होती. होशिमने आरशात, पडद्याच्या फटीतून, ते बघितलं आणि त्यालाही हसू फुटलं. राग गेला नव्हता. पण आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला म्हणून चावायचं? पुढचा गिअर त्याने क्लच पूर्ण दाबून टाकला आणि रिंगांची मनातल्या मनात माफी मागितली.

चिम्योनमध्ये सनई-नगारे वाजत होते. मार्गिलानची मंडळी बसमधून आधीच पोचली होती आणि अंगणात दोन्ही बाजूंना, ओठ घट्ट मिटून, उभी होती. व्याह्यांनी पुढे होऊन तोखतासिनला मिठी मारली. तोखतासिन तोंडभर हसला. व्याही दचकून मागे सरले.

"दाताला काय झालं, आका?"

होशिमने जमिनीकडे बघायला मान खाली घातली.

"पितळ आहे," तोखतासिनने नगाऱ्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. तराजूवर आकडे ओरडायचा तोच आवाज. "कुमतेपाच्या बाजारातलं. सोनं म्हणून मीच दिलं होतं, आईचं नाव लावून. या होशिमने ओळखलं आणि माझी लाज राखायला स्वतःला चोर म्हणवून घेतलं. मार्गिलानकरांनो, तुमच्या तोंडात सोनंच आहे. खोटा माल तेवढा माझा."

मग मामासोली पुढे आला. "म्हणजे आता मेंढा कोणाचा?"

"म्होरक्याला दंड करायचा नियम नाही," तोखतासिन म्हणाला.

पहिल्यांदा भट्टीवरची म्हातारी हसली. मग तिच्या शेजारचा, मग त्याच्या मागची ती जुन्या गिऱ्हाइकांतली बाई, आणि बघता बघता अख्खं अंगण पोट धरून हसायला लागलं. तीन दिवस मिटलेली तोंडं उघडली होती. होशिमने मान वर केली. उन्हात सगळीकडे त्याच्या हातचे दात दिसत होते.